हाराची खुंटी

आमच्या गोठ्याच्या पत्र्याला एक भोक आहे. दोन बोटं जातील एवढं. सकाळी त्यातून उन्हाची तिरीप आत येते आणि पावसाळ्यात पाण्याची धार. शेजारी म्हणतो, डांबराचा गोळा लाव, जन्मभर बघायला नको. मी लावत नाही. ते भोक कसं पडलं एवढंच लिहायला बसलोय. माझी शाळा दुसरीत सुटली. अक्षर वाकडं आहे. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

गोठ्यात आता जनावर नाही. तिथं लेथ आहे. लेथ म्हणजे लोखंड कातायचं मशीन. कुंभाराचं चाक उभं करावं, त्याला मातीच्या जागी लोखंडाचा दांडा लावावा आणि फिरत्या दांड्यावर हाताच्या जागी पोलादी हत्यार टेकवावं, तसं. ऊस सोलल्यासारखं लोखंड सोलून निघतं. दांडा ज्या गोल जबड्यात धरतात त्याला चक म्हणतात, आणि तो जबडा आवळायची जी टी-सारखी लोखंडी किल्ली असते ती चकची चावी. ही चावी ध्यानात ठेवा.

परळीला एका वर्कशॉपात मी हेल्पर होतो. उमर तिथंच गेली. लोखंड उचलायचं, तेल घालायचं, चुरा झाडायचा. मधोमध ही विलायती लेथ उभी असायची. जहाजातून आलेली. अंगावर पितळी पट्टी, पट्टीवर उठावाची अक्षरं. कुणी म्हणे जर्मनीची, कुणी म्हणे इंग्लंडची. मला काय, मी ती पट्टी रोज फडक्यानं पुसायचो, अक्षरं बोटांना पाठ झाली होती, वाचता एक येत नव्हतं. मिस्तरी लोक तिला हात लावू द्यायचे नाहीत. एकदा नुसतं हँडल धरलं तर मागून आवाज आला, "झाडू धर, झाडू." सगळे हसले. मी झाडू धरला. पण हँडलाचा तो गारवा तळहातातून गेला नाही, तो नाहीच गेला.

मालक वारला, वर्कशॉप बंद पडलं, पोरांनी सगळं भंगारात काढलं. मी सहज बघायला गेलतो. आवारात लेथ उभी होती आणि भंगारवाला गॅसची नळी ओढत तिच्याकडं येत होता. कापून, तुकडे करून गाडीत टाकणार होता.  चांगली चालती मशीन! मी मधे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "थांब. ही माझी."

तो म्हणाला, "तुझी कवापासून?"

"आत्तापासून."

आठवड्याच्या आत गोठ्यातली म्हैस विकली गेली आणि मशीन आली. बायको तेव्हा माहेरी होती. ती आली ती दिवस मावळताना, धारेच्या वक्ताला. पिशवी खाली ठेवली, चरवी घेतली आणि सरळ गोठ्यात गेली. मी ओट्यावर बसून होतो.  मग आतून चरवी पडल्याचा आवाज आला.

"अवं, म्हैस कुठं हाय?"

"तिच्या जागी हीच की."

ती दारात येऊन माझ्याकडं बघत राहिली. डोळ्यात पाणी नाही, राग नाही. नुसती बघत राहिली, एखादं मढं उठून बसलेलं बघावं तसं. मग म्हणाली, "दूध किती देती ही?"

पुढं कैक दिवस तिचं हेच. लोकांसमोर, पोरीसोरींसमोर, पाहुण्यांसमोर. "आमच्या ह्यांची विलायती म्हैस हाय. भाकड हाय, पण अंगानं लई भारी."

लेथ बसवायला अंबाजोगाईहून उस्ताद आणला. खानदानी खरादी माणूस, बाप-आजापासून लोखंड कातणारा. त्यानं मशीनखाली पत्र्याचे तुकडे सारून ती समतल केली, मोटर जोडली, थ्री फेजची वायर ओढली. थ्री फेज शेतीच्या लाईनीवरचं, पाळीनं येणारं. लाईट आली, मी हिरवं बटण दाबलं, आणि चक उलटा फिरायला लागला. शेजारी कुंपणावर हात ठेवून बघत होता. त्यानं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "म्हाताऱ्या, तुझी म्हैस तर मागं मागं चालती की बे!"

उस्तादनं दोन वायरी अदलाबदल केल्या तेव्हा ती सरळ चालली.

बायकोनं त्याला चहा आणून दिला. रागात असली तरी दारी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय तिला राहवत नाही. त्यानं बशी डाव्या हातात धरली, आणि तिच्या ध्यानात आलं की त्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नाही.

"बोटं कुठं गेली बाबा?"

तो हसला. "मशीननं घेतली, मावशी. तिला बी तोंड असतं ना. कधी ना कधी खाती."

तिनं किटली खाली ठेवली. माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाही, आणि म्हणूनच मला घाबरायला झालं. कारण ती ओरडते तेव्हा काही होत नाही.

"म्हैस गेली, मी काय बोलले न्हाई. पण आता ऐका. ज्या दिवशी हिच्यावर रगताचा थेंब पडंल, त्या दिवशी ही भंगारात जाईल. तुमच्या हातानं गाडीत चढवायची. म्हना हो."

उस्ताद खाली बघत चहा पीत होता. शेजारी कुंपणावरच होता. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "हो."

माझ्या शब्दाचं सांगतो. मी गरीब असेन, अडाणी असेन, पण दिलेला शब्द मी आजवर परत घेतलेला नाही. गावात कुणालाही विचारा. त्यामुळं तो "हो" म्हणजे गळ्यात बांधलेला धोंडाच होता, आणि हे तिला पक्कं माहीत होतं.

जाताना उस्ताद म्हणाला, "काका, दोन बाता. धोतर सोडा, पॅन्ट घाला. आन् चावी म्हंजे साप हाय. चक आवळला की चावी भाईर, हातात. मंगच बटन. चावी चकमदी सोडली का तिनं डंख मारलाच समजा."

मी म्हणालो, "तू चड्डी ओली करत होतास तेव्हापासून मी त्या मशीनखालचा चुरा झाडतोय. मला शिकवू नको."

तो परत हसला. हसरा माणूस होता.

पॅन्ट मी घातली नाही. धोतराचा कासोटा घट्ट मारायचो, सोगा कमरेला खोचायचो. चावीचं मात्र मी पाळलं. माझ्या हातून ती एकदाही चकमध्ये राहिली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

शिकायला लागलो आणि कळलं की चुरा झाडणं वेगळं आणि चुरा पाडणं वेगळं. पहिल्याच दिवशी लोखंडाची तापून निळी झालेली कुरळी साल उडाली ती सदऱ्याच्या गळ्यातून आत, थेट पोटावर. मी ओठ चावून उभा राहिलो. ओरडलो असतो तर बायको आली असती. कातडी भाजली, फोड आला. पण रगत नव्हतं, आणि अट रगताची होती.

मग शेजाऱ्याच्या कडबा कापायच्या कुट्टी मशीनसाठी बोल्ट पाडायला घेतला. आटे इतके सुबक पडले की मी माझाच हात बघत बसलो. आणि कुट्टीच्या नटात तो शिरेना. अर्धा फेर गेला की अडे. दिवसभर कातलं, दुसरा पाडला, तोही तसाच. मला वाटलं डोळे गेले. उस्तादला फोन लावला तर तो म्हणाला, "काका, तुमची मशीन विलायती, तिचा हिशोब सूत-इंचात. कुट्टीचा नट मिलिमीटरचा. ह्या दोघांचं लगीन कसं जमंल?" मी हादरलो. एवढी वर्षं त्या मशीनजवळ काढली आणि ती कुठल्या मापात बोलते हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी बोल्ट आणि नट दोन्ही मीच पाडले. इंचातच. कुट्टी आजही चालते. तिचा तो नट गेला तर आख्ख्या बाजारात मिळणार नाही, माझ्याकडंच यावं लागंल.

बायकोचं म्हणाल तर तिचा बर्फ एका बत्त्यानं वितळला. एका जुन्या शाफ्टचा तुकडा होता, तो कातून मी खलबत्त्याचा बत्ता केला, मुठीजवळ बारीक, खाली गोल. तिच्या मुठीचा अंदाज मला होताच. तिनं हातात तोलून बघितला. "जड हाय," म्हणाली. पण जुना बत्ता त्या दिवसापासून फडताळात गेला. त्यानंतर लोकांसमोर तिनं मशीनला म्हैस म्हटलं नाही. थर्मलच्या, म्हणजे वीज केंद्राच्या, चिमणीची राख आमच्याकडं रोज येते, वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीवर, सगळ्यावर. ती राख मशीनवर बसली तर घासून घासून तिची पाठ खराब होते. एक दिवस बघतो तर तिनं आपलं जुनं लुगडं मशीनवर पांघरलेलं.  

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पूजतात. विळा, खुरपं, कुऱ्हाड, वखराची पास, शिलाई मशीन, मोटारसायकल, ट्रॅक्टर, ज्यानं पोट भरतं ते सगळं. त्या दिवशी हत्याराला काम द्यायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, हार अंगावर ठेवूनच ते चालू करायचं. ट्रॅक्टरचा हार कुणी काढतं का? नाही. हार लेवूनच तो सीमेपर्यंत जाऊन येतो. हार आधी उतरवणं म्हणजे नवरी मांडवात यायच्या आधी मुंडावळ्या सोडणं.

मी त्या दिवशी बाजारात होतो. बायकोनं एकटीनं मशीन राखेपासून पुसली, तेलाचं बोट फिरवलं, हळदी-कुंकू वाहिलं. झेंडूचा हार तिनं स्वतः ओवला होता, सुतळीत, मनगटाएवढा जाड. मी आलो तर मशीनचं तोंड झेंडूनं भरून गेलेलं. इतकं भरून की चक दिसत नव्हता. मला काय आनंद झाला ते लिहिता येत नाही. वर्कशॉपात एवढी वर्षं खंडेनवमी झाली, पण तिला असा हार कुणी घातला नव्हता. मी म्हणालो, "झ्याक दिसती." ती म्हणाली, "दिसंलच की. म्हैस विकून आनलीया."

दसऱ्याच्या सकाळी लाईट होती. बायको आरतीचं ताट घेऊन आली. नवं लुगडं, हातभर हिरव्या बांगड्या, ताटात निरांजन, कुंकवाचा करंडा, आपट्याची पानं. मशीनच्या तोंडासमोर, चकच्या अगदी पुढ्यात उभी राहिली. मी नेहमीसारखा उजव्या अंगाला, बटणापाशी. शेजारी दारात, त्याचा ट्रॅक्टर बाहेर हार घालून उभा.

तिनं ओवाळलं. म्हणाली, "हं, करा."

मी बटण दाबलं.

पुढचं मला एकाच वेळी दिसलं आणि अजून एकाच वेळी दिसतं. झेंडूची पिवळी वावटळ उठली. ठण्ण असा आवाज झाला, देवळातली घंटा कुणी घणानं मारावी तसा. तिच्या हातातलं ताट हातात नव्हतं. मागं पत्रा फाटल्याचा आवाज. आणि सगळं लाल. मशीन लाल, जमीन लाल, तिचं तोंड लाल, छाती लाल.

मशीन मी बंद केली का शेजाऱ्यानं, मला आठवत नाही. तो म्हणतो मी केली. मला एवढंच आठवतं. लेकराच्या तोंडातून निघतो तसा कसलातरी आवाज माझ्यातून निघत होता. ती उभी होती. ताट धरल्यासारखे हात तसेच पुढं, आणि हातात काही नाही. मी तिच्या तोंडावरून हात फिरवला. डोळा होता. दुसरा होता. कान होते. माझ्या हाताला लागलं ते कुंकू होतं, कोरडं कुंकू. करंड्यातलं.

ताट कोपऱ्यात पडलं होतं, मधोमध दुमडलेलं, पोळी दुमडावी तसं. तिच्या छातीसमोर ते ताट नसतं तर, हे मी मनात पुरं म्हणत नाही.

शेजारी बाहेरून चावी घेऊन आला. चकची चावी. पत्रा फोडून उकिरड्यावर जाऊन पडली होती. तिच्या दांडीला अजून सुतळी आणि दोन झेंडू लटकत होते. मी चावीकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"ही तिथं कशी?"

ती म्हणाली, "हार राहत नव्हता हो. गोल हाय ना ते, गुळगुळीत. घसरायचा. तुमी ती तिथं घालता, मी बघितलं होतं. म्हनलं हाराला खुंटी झाली."

हाराला खुंटी. मी मटकन खाली बसलो. मी माझ्या हातानं चावी कधी सोडली नव्हती. साप म्हणजे काय ते मला माहीत होतं. तिला कुणी सांगितलं होतं? आणि मी तरी काय, झेंडूनं चक झाकलेला, तरी हार उचलून बघितलं नाही. हार उतरवायचा नसतो ना!

तेव्हा मला मशीनच्या पाठीवर तो थेंब दिसला. कुंकू सगळीकडं सांडलं होतं, पण ते कोरडं, फुंकलं तर उडंल असं. हा थेंब चमकत होता. मी बोट लावलं. बोटाला चिकटलं. कोमट होतं. तिच्या उजव्या मनगटाकडं बघितलं तर ती पदर गुंडाळत होती. पायाशी हिरव्या काचा.

"बांगड्या वाढल्या दोन-चार," ती म्हणाली. सणाच्या दिवशी फुटल्या म्हणत नाहीत.

मी उठलो.  "भंगारवाल्याला फोन लाव," मी शेजाऱ्याला म्हणालो.

"आरं, काय झालंय तुला?"

"रगत पडलंय. मी शब्द दिलाय. तू होतास तिथं."

बायको पुढं आली. मशीनकडं वाकून बघितलं. "कुंकू हाय ते."

"रगत हाय. वलं हाय, बघ."

"तेलानं वलं झालं आसंल. निरांजनाचं तेल सांडलं."

"अगं, तुझं मनगट..."

"माझं मनगट हाय ना? मंग मला माहीत. कुंकू हाय."

"मी शब्द दिलाय!"

"आन् कुनाला दिलाय? मलाच ना? मंग रगत का कुंकू ते कोन ठरवनार, तुमी?"

शेजारी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. त्याला हसू येत होतं आणि हसायची हिंमत होत नव्हती. मी हट्टाला पेटलो होतो. मशीन जावी असं मला वाटत होतं का? नाही. पण तिच्यासमोर माझा शब्द खोटा पडावा हे मला सोसत नव्हतं. मी म्हणालो रगत, ती म्हणाली कुंकू, मी म्हणालो रगत. शेवटी तिनं पदराच्या टोकानं तो थेंब पुसून टाकला, एका झटक्यात, चुलीवरचं उतू गेलेलं पुसावं तसा.

"आता दाखवा कुठं हाय."

 मला जन्मात कुणी असं गप्प केलेलं नाही.

मग तिनं शेजाऱ्याच्या हातातून चावी घेतली. झेंडू सोडवले, सुतळी काढली. चावी जड होती, तिनं हातात तोलली, बत्ता तोलला होता तशी. आणि कमरेला घराच्या किल्ल्यांचा जुडगा असतो तिथं, लुगड्याच्या निऱ्यांच्या केळ्यात खोचली.

"ही आता माझ्यापाशी."

"अगं, तिच्यावाचून चक आवळता येत न्हाई. कामच होणार न्हाई."

"मंग मला हाक मारायची. मी यीन. तुमी आवळा, मला परत द्या. ती हितं," कमरेवर थाप मारून म्हणाली, "हितं आली का मंग बटन दाबा. त्याच्या आदी न्हाई."

अंबाजोगाईला उस्तादला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "काका, बोटं जायच्या आदी माझ्या घरात हे कुनाला सुचलं आसतं तर." यावेळी तो हसला नाही.

आता असंच चालतं. दांडा चकमध्ये धरतो आणि गोठ्यातून ओरडतो, "चावी!" ती भाकरी टाकत असेल तर पिठाच्या हातानं येते, कुरकुरत येते, "एवढा वक्त थांबता येत न्हाई का?" म्हणत येते. चावी देते आणि उभी राहते. मी आवळतो, परत देतो. ती खोचते. तिच्या पदराला एक डाग आहे, धुऊन धुऊन फिका झालेला. त्याला ती अजून कुंकवाचा म्हणते. 

आणि इतकं असूनही, बटणावर अंगठा ठेवला की दर वेळी माझा हात थांबतो. ती वावटळ डोळ्यासमोर उठते, ते ठण्ण कानात येतं. चक रिकामा आहे हे समोर दिसत असतं, तरी माझा डोळा त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. मी मान वळवून आधी तिच्या कमरेकडं बघतो. चावी तिथं दिसली की मग दाबतो.

शेजाऱ्याला हे कळल्यापासून त्यानं गावभर केलंय. "आमच्या म्हाताऱ्याची मशीन बघायची का? बटनानं चालू व्हत न्हाई. आदी म्हातारीच्या कमरंकडं बघावं लागतं."

हसू दे. मी बघतो.